आधी शेरा वाचा, मग अर्ज लिहा

पत्र असं आहे:

"नाना, नमस्कार. माझा धाकटा भाऊ एक्केचाळीस वर्षांचा आहे. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय बारीक राहिला. लग्न झालेलं नाही, आईवडिलांजवळ असतो. वडिलांच्या नावावर अडीच एकर कोरडवाहू, कापूस लावतात. मोठा भाऊ कितीतरी वर्षं सुरतला लूमवर आहे, त्याचा संसार तिकडेच. दोन वर्षांपूर्वी आम्ही संजय गांधीचं प्रकरण टाकलं, ते नामंजूर झालं. खिडकीवर विचारलं तर 'बसत नाही' एवढंच सांगितलं, कागद काही आला नाही. भावाकडे जुनं अपंगाचं सर्टिफिकेट आहे, ४५ टक्क्यांचं, लॅमिनेशन करून ठेवलेलं. उत्पन्नाचा दाखला ७२ हजारांचा निघाला होता. आता गावातला एक जण म्हणतो, एकदा नामंजूर झालं की परत होत नाही, पण पाच हजार दिले तर मी करून देतो. भाऊ तर ऐकायलाच तयार नाही. 'माले आते तठे जानं नही' म्हणतो. मागच्या वेळी ऑफिसात सगळ्यांसमोर पँट वर करून पाय दाखवायला लावला होता. काय करू? — एक बहीण, जळगाव जिल्हा"

ताई, नमस्कार.

आधी त्या पाच हजारवाल्याचं सांगतो. दिव्यांगांना संजय गांधी निराधार योजनेचा पगार ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये झाला आहे, त्याआधी १,५०० होता. म्हणजे हा गृहस्थ तुमच्या भावाचे पहिले दोन महिने आधीच खिशात घालायला निघालाय. बरं, तो करणार काय? तुमचेच कागद त्याच खिडकीवर नेऊन देणार. मंजूर झालं तर 'मी केलं', नाही झालं तर 'वरून अडवलं'. त्याला नमस्कार करा आणि सोडून द्या. ऑफिसातल्याच कुणाच्या नावाने पैसे मागत असेल तर लाचलुचपतवाल्यांचा १०६४ हा फुकटचा नंबर आहे, तो तोंडपाठ असू द्या.

एकदा नामंजूर झालं की परत होत नाही, ही निव्वळ थाप. नामंजुरीचं कारण दूर झालं की नवा अर्ज करता येतो. मी तहसीलच्या नोकरीत संगायो, म्हणजे संजय गांधी योजनेच्या शाखेचं टेबल सांभाळलं आहे. दुसऱ्या खेपेला मंजूर झालेली प्रकरणं माझ्याच हातून गेली आहेत. तशीच दुसऱ्या खेपेलाही नामंजूर झालेलीही पुष्कळ गेली. त्या दुसऱ्या ढिगाऱ्यात बहुतेकांनी एकच गोष्ट केलेली असायची: जुनेच कागद, नव्या झेरॉक्सवर. पहिल्यांदा का गेलं हे कुणी विचारलेलंच नसायचं. तुमच्या पत्रातही मला तेच दिसतं. 'बसत नाही' म्हणजे काय बसत नाही? वय, उत्पन्न, टक्केवारी की रहिवास? हे कळल्याशिवाय नवा अर्ज भरू नका. नाहीतर दुखणं गुडघ्याचं आणि मलम कोपराला, असं होईल.

प्रकरण आत कसं फिरतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे कुठे शोधायचं ते कळेल. अर्ज सेतूतून किंवा महा-ई-सेवा केंद्रातून तहसीलला येतो. तलाठी आप्पांचा अहवाल लागतो (आता पाटीवर 'ग्राम महसूल अधिकारी' लिहिलेलं असतं, पण गावात कोण म्हणतं). संगायो शाखेत छाननी होते, मग तालुक्याची समिती बसते. अध्यक्ष अशासकीय, सचिव तहसीलदार. बैठकीचं इतिवृत्त लिहिलं जातं आणि प्रत्येक नावासमोर शेरा पडतो: मंजूर, त्रुटी किंवा अपात्र. लोक शेवटच्या दोघांना एकच समजतात आणि तिथेच फसतात. त्रुटी म्हणजे कागद कमी आहे किंवा जुना आहे, तो आणून द्या. अपात्र म्हणजे एखाद्या अटीत माणूस बसला नाही. त्रुटीचं प्रकरण कागद जोडून निघतं. अपात्राला मात्र ती अट आता बदलली आहे का, किंवा तेव्हा चुकीची मोजली होती का, हे दाखवावं लागतं. खिडकीवरचा माणूस दोन्हीला 'बसत नाही' म्हणून मोकळा होतो.

तर पहिलं काम म्हणजे संगायो शाखेत जायचं, भावाचं नाव, गाव आणि अर्जाची साधारण तारीख सांगायची आणि शेरा काय आहे ते विचारायचं. सकाळी अकराच्या आत जा, टपाल आणि साहेबांची बोलावणी सुरू व्हायच्या आधी. चांगला कारकून असेल तर रजिस्टर उघडून दोन मिनिटांत सांगतो. उडवून लावलं तर भांडत बसू नका, माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या. नमुना 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नाही. महाराष्ट्रात या अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे आणि विषय एकच लागतो, म्हणून कैफियत मांडू नका. एवढंच लिहा: 'अमुक गावच्या अमुक अर्जदाराच्या संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जावर समितीने घेतलेल्या निर्णयाची, त्या बैठकीच्या इतिवृत्तातील संबंधित पानाची व अर्जासोबतच्या तलाठी अहवालाची प्रत मिळावी.' तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. आणि कुणी म्हणालं की कारण सांगायला आम्ही बांधील नाही, तर सांगा की २००५ च्या याच कायद्यातलं कलम ४ म्हणतं, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारण द्यायचं, आणि तेही न मागता. अर्ज भावाच्या नावाने, भावाच्या सहीने करा. दुसऱ्याच्या नावाने केला तर 'खाजगी माहिती' म्हणून परत येईल.

आता शेरा हातात येण्याआधीच, तुमच्या पत्रावरून मला दोन ठिकाणी शंका येते. पहिली त्या ७२ हजारांची.

या योजनेत इतरांना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार आहे, दिव्यांगांना ५० हजार. म्हणून नवा अर्ज 'दिव्यांग' या वर्गातूनच भरला आहे ना, हे सेतूवाल्याच्या स्क्रीनवर डोळ्यांनी बघा. पण ७२ हजार दोन्हीकडे जास्तच आहेत. तुमच्या मागच्या अर्जाची गाडी इथेच अडकली असावी, असं माझं मन सांगतं. प्रश्न हा आहे की ७२ आले कुठून. अडीच एकर कोरडवाहू कापूस, त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी आणि गेल्या काही वर्षांतली बोंडअळी वजा केली तर हातात काय उरतं, हे खान्देशात मी कुणाला सांगायला नको. मला वाटतं, सुरतचा भाऊ यात मोजला गेला. त्याचं नाव अजून तुमच्या वडिलांच्याच रेशनकार्डावर आहे का? आपल्याकडे सुरतला गेलेल्यांची नावं गावच्या कार्डावर तशीच राहतात. कोण कशाला कमी करायला जातो, सणाला तर येतातच. पण तलाठी आप्पा कार्ड बघतात, कार्डावरचा कमावता माणूस विचारतात, तुमचे वडील अभिमानाने सांगतात की पोरगा लूमवर आहे, बरं कमावतो. झालं, आकडा वाढला.

तो खरोखर वेगळा राहत असेल, त्याची चूल, भाडं, पोरांची शाळा सगळं तिकडे असेल, तर कागदानेही तसंच बोलायला हवं. त्याचं नाव वडिलांच्या कार्डातून कमी करून घ्या. पुरवठा शाखा त्याच तहसीलच्या इमारतीत असते. त्याच्याकडे सुरतचं रेशनकार्ड, भाडेकरार, पोरांच्या शाळेचा दाखला, जे असेल त्याची झेरॉक्स मागवून घ्या. मग उत्पन्नाचा नवा दाखला काढा. तलाठी आप्पांकडे जाताना वडिलांना एकटं पाठवू नका, तुम्ही सोबत जा. सातबारा, आठ-अ आणि रेशनकार्ड न्या आणि सरळ विचारा: 'आप्पा, मागच्या वेळी यात कुणाकुणाचं धरलं होतं?' सांगतात. उत्पन्नाचा दाखला ही लोकसेवा हक्क कायद्याखालची सेवा आहे, तिला मुदत आहे, आणि नाकारला तर लेखी कारण द्यावं लागतं. अर्जाची पावती तेवढी जपून ठेवा.

एक मात्र नीट ऐका. सुरतचा भाऊ दर महिन्याला घरी पैसे पाठवत असेल आणि घर त्यावरच चालत असेल, तर ते लपवून वीस हजारांचा दाखला काढायच्या भानगडीत पडू नका. असे दाखले निघतात, मला माहीत आहे. कुठून निघतात तेही माहीत आहे. पण पुढे कुणी तक्रार केली, चौकशी लागली, की उचललेले पैसे परत भरायची नोटीस येते, आणि ती तुमच्या भावाच्या नावाने येते, दाखला काढून देणाऱ्याच्या नाही.

दुसरी शंका लॅमिनेशन केलेल्या सर्टिफिकेटची. त्यावर सही-शिक्का असला तरी आता यूडीआयडी मागतात, म्हणजे ऑनलाइन निघालेलं दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्याचं कार्ड. चाळीस टक्क्यांच्या खाली पांढरी पट्टी, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळी, ऐंशी आणि वर निळी. संजय गांधीसाठी किमान चाळीस टक्के लागतात. (ऐंशी किंवा त्याहून जास्त टक्केवारी आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनाही आहे, पण तुमच्या भावाचं ते प्रकरण दिसत नाही.) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, त्याला फी नाही, आणि पावती घेऊन जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणीला जायचं. धुळ्याचे वाचक हिरे वैद्यकीय महाविद्यालयात जातात. तपासणीचे वार ठरलेले असतात आणि बदलतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करूनच एसटीत बसा. भावाचं जुनं सर्टिफिकेट फेकू नका, तेही सोबत न्या.

इथे तुमची भीती मला न लिहिताही कळते: नव्या तपासणीत ४५ चे ३८ झाले तर? होऊ शकतं. जुन्या काळी डॉक्टरांनी नजरेने लिहिलेले टक्के आणि आताच्या मोजमापाचे टक्के यांत फरक पडतो. पण तो वरही जातो. पोलिओच्या माणसाचा पाय लहानपणी जसा होता तसाच चाळिशीत राहत नाही. वर्षानुवर्षं चांगल्या पायावर भार टाकून तो गुडघा झिजतो, कंबर वाकते, स्नायूंची ताकद आणखी उतरते. ते आजचं दुखणं आजच्या तपासणीत आलं पाहिजे. जुनं ऑपरेशन झालं असेल तर त्याचे कागद, असतील तितके एक्स-रे, कॅलिपर वापरत असेल तर तो घालून आणि सोबत घेऊन जा.

मी या कामात पाहिलेली सगळ्यात मोठी उलटापालट सांगतो. लोक दवाखान्यात जाऊन गरिबी सांगतात आणि तहसीलला जाऊन पाय दाखवतात. डॉक्टरसमोर 'साहेब, घरात खायला नाही, म्हातारे आईबाप आहेत' म्हणून काही उपयोग नाही, त्यांना गरिबी मोजायचीच नाही. त्यांना सांगायचं ते शरीराचं. उकिडवं बसता येतं का. पाण्याचा हंडा उचलून चार पावलं जाता येतं का. एसटीची पायरी कुणाच्या आधाराशिवाय चढतो का. रात्री पायात गोळे येतात का. आपली माणसं मानी. डॉक्टरांनी 'चालून दाखव' म्हटलं की छाती काढून जमेल तेवढं सरळ चालतात. भावाला सांगा, तिथे घरी चालतो तसाच चाल. जास्तही नको, कमीही नको. नाटक डॉक्टरांना लगेच कळतं, आणि मर्दुमकी कळत नाही, तीच खरी मानतात.

डॉक्टरांचा टक्केवारीचा निर्णय पटला नाही तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील आहे, नव्वद दिवसांच्या आत. ही मुदत हुकवू नका. आमच्याकडे लोक वर्षभराने यायचे, तेव्हा हात चोळण्यापलीकडे काही उरलेलं नसायचं.

आता पँट वर करायला लावण्याचं. वाचून संताप आला. तहसीलच्या माणसाला पाय बघायचा अधिकारच नाही. त्याच कायद्याचं कलम ५८ सांगतं की दिलेलं प्रमाणपत्र देशभर चालतं. कार्ड समोर ठेवलं की तिथे तपासणी संपली. पुन्हा कुणी म्हणालं, तर शांतपणे म्हणा, 'साहेब, कार्डावर लिहिलंय, हवं तर ऑनलाइन तपासा.' एवढं बोलायला आवाज चढवावा लागत नाही.

पण ताई, राग येणार नसेल तर एक विचारतो. तुमच्या अख्ख्या पत्रात 'आम्ही प्रकरण टाकलं', 'आम्ही विचारलं' असं आहे. भाऊ एकदाच बोलतो, तेही नाही म्हणायला. तो एक्केचाळीस वर्षांचा माणूस आहे. हे पैसे त्याला हवेत का, कशाला हवेत, हे त्याला कधी कुणी विचारलं आहे? त्याला कदाचित 'निराधार' हा शिक्का नको असेल. आईबाप आहेत, बहीण एवढी धावतेय, तो निराधार कसा, असं त्याला वाटत असेल तर त्यात चूक काय. योजनेचं नाव १९८० सालचं आहे, ते आपण बदलू शकत नाही. त्याला पैशांचं सांगा. वर्षाचे तीस हजार, त्याच्या नावाच्या खात्यात, त्याच्या मर्जीने खर्चायचे. वेचणीच्या पैशांतून वडिलांकडे हात पसरायला नको. यावर तो काय म्हणतो ते ऐका, आणि तरीही नाही म्हणाला तर चार-सहा महिने विषय काढू नका. मात्र पगार मंजुरीनंतर पुढचा मिळतो, मागच्या वर्षांचा हिशोब कुणी देत नाही, हेही त्याच्या कानावर घाला.

तो हो म्हणाला तर त्याचे हेलपाटे कमी करता येतात. जळगावच्या तपासणीला त्याला जावंच लागेल. सही त्याची लागेल. बँकेत एकदा जावं लागेल. बाकी तलाठी, सेतू, पुरवठा शाखा, संगायोची खिडकी हे सगळं तुम्ही किंवा वडील करू शकता. कार्ड मिळालं की एसटीत त्याला ७५ टक्के सवलत आहे. आणि पगार अडला तरी कार्ड वाया जात नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. तुमच्या गावात ते कशावर गेले, हे ग्रामसभेत विचारायला भावालाच उभं करा. बघा, तिथे त्याचा आवाज निघतो का.

नवा अर्ज भरताना सोबत साध्या कागदावर चार ओळी जोडा: मागचा अर्ज अमुक तारखेला अमुक कारणाने नामंजूर झाला होता, ते कारण आता असं दूर झालं आहे, त्याचा पुरावा म्हणून हा कागद जोडला आहे. छाननी करणाऱ्या कारकुनाला जुनी फाइल आठवली तर तो हाच कागद शोधतो. पोचपावतीवर तारीख आणि क्रमांक आहे का बघा. महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो, तुमच्याकडे शाळेचा दाखला असेलच. आणि बँकेत आधार नुसतं जोडलेलं असून भागत नाही, थेट सरकारी पैसे कोणत्या खात्यात पडणार ते मॅप झालेलं असावं लागतं. मंजूर होऊनही पैसे न आलेली माणसं या दिवसांत संगायोच्या खिडकीवर सगळ्यात जास्त दिसतात, ती याच एका कारणाने. त्यातल्या कितीजणांचे पैसे भलत्याच जुन्या खात्यात साचून बसलेले असतात आणि त्यांना पत्ताच नसतो. पगार सुरू झाला की दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका, नाहीतर चालू पगारही थांबतो.

ओघात आलंच आहे म्हणून इतर बहिणींसाठी: घरातली दिव्यांग बाई लाडकी बहीणचे दीड हजार घेत असेल, तर ते आणि संजय गांधीचा पगार दोन्ही एकदम मिळत नाहीत. चाळीस टक्क्यांचं कार्ड असेल आणि उत्पन्न बसत असेल तर कुठल्या बाजूला राहायचं, हा हिशोब घरच्या घरी करता येण्यासारखा आहे.

ताई, शेरा कळला की मला लिहा. उत्पन्नाचा निघाला तर वर सांगितलं ते पुरे. त्रुटीचा निघाला तर काम निम्मं झालं समजा. तिसरंच काही निघालं, म्हणजे कुणी गावात नसल्याचा अहवाल दिलाय किंवा वय चुकलंय, तर नवा अर्ज भरायच्या आधी तलाठी अहवालाची प्रत मला पाठवा. नावगाव खोडून पाठवलीत तरी चालेल.